मागचे पाय

एकोणीस उन्हाळे मी घोड्याचे मागचे पाय आहे.
स्कॉटलंडात, रॉथसेच्या धक्क्याजवळच्या थिएटरात,
मंगळवार ते शनिवार, साडेसातचा खेळ,
जादूगार उतरला की आम्ही,
आमच्यानंतर अकॉर्डियनवाल्या बहिणी.
पुढचे पाय, मान, पापण्या, कान हलवायची दोरी
मर्डो मॅकफेलकडे.
माझ्याकडे शेपूट.

आत काय दिसतं, असं लोक विचारतात.
मर्डोचे गॅलिस दिसतात.
त्याच्या शर्टावर घामाचं एक बेट,
ते खेळ संपेपर्यंत खंड होतं.
वाकलेली कंबर, माझी दोन्ही मुठी त्याच्या पट्ट्यात,
जुन्या केसाळ कापडाला डांबरगोळ्यांचा वास,
आणि पोटाच्या उसवलेल्या शिवणीतून
चिरभर उजेड, त्यात पहिल्या रांगेतले बूट.
हे गाव मी बुटांवरून ओळखते.
ग्लासगोहून बोटीनं आलेले हुरळलेले बूट,
विधवा मिसेस लॅमॉन्टचे, दर शुक्रवारी, पॉलिश केलेले,
जमिनीला न पोचणारे.

टॉर्किलचा कोट लाल, मिशी चिकटवलेली,
चाबूक कधी कुणाला न लागलेला.
"डचेस, तीन आणि चार किती गं?"
मर्डो उजवा खूर आपटतो. सात.
टाळ्या.
मग पिंपावर दोन पाय, मग बँडच्या चालीवर वॉल्ट्झ,
मग शेवटी मी खुर्चीत बसते आणि घोडी बसते.
सगळ्यात मोठं हसू तिथेच येतं.
पोस्टरवर: मर्डो मॅकफेल आणि सहकारी.
वरातीमागून घोडं तरी असतं,
मी घोड्यामागून.

ऑगस्टातला गुरुवार. बाहेर धुकं, आत अर्धं थिएटर.
"डचेस, तीन आणि चार?"
पाच. सहा. सात.
आठ.
मला वाटलं, गंमत करतोय.
नऊ. दहा. हसणारे हसले.
अकरा आपटताना त्याची पाठ
माझ्या कपाळाला लागून थरथरत होती,
गिरणी बंद झाल्यावरही पट्टा फिरत राहावा तशी.
बारा.
टॉर्किल मिशीतून म्हणाला, "हुशार आहे, व्याजासकट सांगते,"
आणि त्याचा आवाज कोरडा.
घोडं कुठे पेंड खातंय, ते त्या चारशे खुर्च्यांत
मला एकटीला कळलं.
तेरा.

मी बसले.
खुर्ची नव्हती. जमिनीवरच बसले, धप्पकन,
माझ्याबरोबर सगळी डचेस,
मान वर, मर्डो अर्धा माझ्या मांडीत.
थिएटर कोसळलं हसून. मिसेस लॅमॉन्टचे बूट हवेत.
अंधारात तो म्हणाला, "एल्स्पेथ, किती झाले?"
मी म्हटलं, "सात. बरोबर सात."

मॅनेजरला ते पडणं आवडलं. रोज ठेवा म्हणाला.
रोज ठेवलं. माकडहाडाला शेक घेते.

विंगेत मी एकदा विचारलं, जागा बदलूया का?
तो टेलकम पावडर मानेला लावत होता.
"घोड्याचं डोकं मागे असतं होय?"
आणि हसला, आणि मग हसताना मध्येच
पावडरचा डबा कशाला हातात आहे ते बघत राहिला.

आता टॉर्किल विचारतो,
आणि मी उजव्या हाताची मूठ पट्ट्यातून सोडवते.
त्याच्या पाठीवर, मणक्याच्या डाव्या बाजूला,
बोटानं एक. खूर आपटतो.
एक. खूर.
हाताचा पंजा सपाट ठेवला म्हणजे थांब.
तो थांबतो.
पुढे, उजेडात, लोक डोळे मिचकावणाऱ्या
घोडीच्या डोक्याला टाळ्या देतात.

काल पंजा ठेवला तरी त्यानं एक जास्त आपटला.
मग हळूच, आतल्या आत, म्हणाला,
"तो माझा होता."