बोटांमधला पडदा

अकरा निऑन होते.
सोमवारी सकाळी दहा भरले.
पुन्हा मोजले, चष्मा पुसून,
मग टाकीमागून बॅटरी मारून.
दहाच.

चौतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात काढलीत मी, नाशिक रोडला.
एक शीट कमी भरलं तर
अख्खा सेक्शन बसून राहायचा.
दूध नासू दे, पाळणाघर बंद होऊ दे,
हिशोब जुळल्याशिवाय गेट उघडत नसे.

बुधवारी नऊ.

पहिला संशय फिल्टरवर.
सोडवला, स्पंज पिळला:
शेवाळ, आणि गोगलगाईचं एक रिकामं घर.
दुसरा थंडीवर.
जानेवारीत आमच्या जेल रोडला
पहाटेचं पाणी हाडात शिरतं,
त्यात लाइट गेली की हीटर म्हणजे नुसती काचेची कांडी.
तिसरा संशय, देवा क्षमा कर,
त्या गरीब प्लेकोवर,
जो जन्मभर काचच चाटत आलाय.

बेडकावर आला नाही.
तो अंगठ्याच्या पेराएवढा आला होता,
पांढरा, गुलाबी डोळ्यांचा,
शरणपूरच्या विल्सन शिरसाठच्या दुकानातून.
"बुटकी जात आहे ताई, वाढायची नाही.
माशांत सोडा बिनधास्त."
त्याला दिसायचं कमी. खाणं पडलं की
मासे आधी पोचायचे, हा चाचपडत राहायचा.
म्हणून मी चिमट्याने भरवायचे,
एकेक लाल अळी नाकासमोर धरून.
सहा महिन्यांत मुठीएवढा झाला.
मला वाटलं, माझ्याच हाताला गुण आहे.

शुक्रवारी रात्री पाणी प्यायला उठले.
टाकीचा दिवा बंद, रस्त्याचा पिवळा उजेड.
निऑन झोपेत रंग उतरवून ठेवतात,
तसा एक फिकट, वनस्पतीला टेकलेला.
बेडूक खालून आला, घाई नाही.
दोन्ही हातांनी धरला,
दोन्ही हातांनी तोंडात कोंबला,
लग्नाच्या पंगतीत लहान मूल जिलबी कोंबतं तसा.
शेपूट थोडा वेळ बाहेर राहिली.

मी ओरडले नाही. चष्मा लावला.
दोष सरळ बघून दिसत नाही,
शीट उजेडाला तिरकं धरावं लागतं;
तशी मी मान तिरकी केली.
पुढच्या हाताला चार बोटं.
सुटी सुटी. मध्ये पडदा नाही.

सकाळी फोन केला. विल्सन आधी गप्प.
मग म्हणाला, "बुटक्याला चारही पंजांना पडदा असतो.
ज्याचे हात मोकळे, तो दुसरा.
लहानपणी सारखेच दिसतात ताई,
मलाही वरून पेटीतून तसेच आले.
परत आणा. दोन निऑन फुकट देतो. नाहीतर..."
नाहीतरच्या पुढे तो बोलला नाही.

पुढे काय ते कळलं मला.
आमच्याकडे गोदेला गंगाच म्हणतात
आणि नको झालेलं सगळं तिच्यात सोडतात.
पण तिथली पिलं कोण मोजणार?

निऑनही घेतले नाहीत.
छापखान्यात रद्द नोटेच्या जागी
चांदणी छापलेली नोट जायची, बंडल पुरं व्हायचं.
इथे आठ म्हणजे आठ.

आधी माळ्यावरून घंगाळ काढलं,
मग आठवलं, तांब्यापितळेचं पाणी याला विष.
म्हणून प्लास्टिकचा टप,
वर जाळी, जाळीवर वरवंटा.
गांडुळं कुंडीतली. ती मात्र अजून चिमट्यानेच.

रात्री स्वयंपाकघरातून आवाज येतो,
पाण्याखालून, बारीक, टिकटिक टिकटिक,
नंबर टाकणारं मशीन दूरच्या हॉलमध्ये चालू असावं तसा.
विल्सन म्हणतो, नर आहे, मादीला हाक मारतोय.
इथे मादी कुठली.
मी अंथरुणातून मोजत राहते.
कितीपर्यंत जायचं
ते कुणी सांगितलेलं नाही.