कड

केमीचा सामानवाला ऐनवेळी तापाने फणफणला,
म्हणून त्यांच्या संघाचे स्केटही यंदा माझ्याच दगडावर आले.
राहे गावच्या रिंकवर एकोणीस वर्षं मी पात्यांना धार लावते,
जिन्याखालच्या खोलीत. खिडकी नाही.
फेब्रुवारीतही तिथे ठिणग्यांचा वास उबदार असतो.

वर कॉफीच्या टपरीशी तिघांची जुंपली आहे.
एस्को म्हणतो, बचावाची जोडी एकच, केमीची:
दोघे मिळून चार मीटर, दोनशे किलो,
सत्तावीस सामन्यांत ते बर्फावर असताना गोल फक्त अकरा.
ऑर्वो म्हणतो, कुओपिओ. वेग बघ, पहिला पास बघ.
तिसरा, टपालखात्यातून निवृत्त,
पेनल्टीची मिनिटं बोटांवर मोजतो,
मधेच हरवतो, पुन्हा एकपासून.
आमच्या जोडीचं नाव कोणी काढत नाही.
आम्ही नववे.

मी आकडे वाचत नाही.
पात्याला दोन कडा असतात, आतली नि बाहेरची,
मधे उथळ पन्हळ.
माणूस कसा उभा राहतो, कुठे वळतो,
कुणाच्या भरवशावर वळतो,
सगळं तिथे झिजून उतरतं.

केमीचे यूलितालो, सख्खे भाऊ.
थोरल्याची पाती जशी काल दुकानातून आणलेली.
धाकट्याच्या दोन्ही पायांच्या आतल्या कडा खाल्लेल्या,
टाचेपाशी खाचा, एका खाचेत गोलखांबाचा लाल रंग.
म्हणजे थोरला पुढे जातो, टाळ्या घेतो,
आणि पाठचा भाऊ उलटा सरकत, उलटा सरकत
दोघांचं दार राखतो.
एस्को, तुझ्या अकरा गोलांत हे कुठे लिहिलंय?
थोरल्याच्या पात्यावर दगड मी एकदा फिरवला.
धाकट्याच्या, सात वेळा.
समोरच्या संघाचा आहे, हे मला तेव्हा आठवत होतं.

कुओपिओचा मार्ट्टिला डिसेंबरात स्वतः खाली आला होता,
छत्तीस वर्षांचा, दोन जोड घेऊन.
एक आपला. एक शेजारी खेळणाऱ्या पोराचा,
"त्याला मागायची लाज वाटते."
पोराला वस्तऱ्यासारखी धार हवी, म्हाताऱ्याला बोथट चालते.
जास्त धार असली की गुडघा प्रश्न विचारतो, म्हणाला.
ऑर्वो, तुझं बरोबर असेल.
या वर्षापुरतं.

आणि आमचे.
हाल्मे डावीकडे, नूगोर्ड उजवीकडे.
हाल्मेच्या उजव्या पायाची बाहेरची कड झिजलेली,
नूगोर्डच्या डाव्या पायाची.
पाती शेजारी ठेवली की आरशात बघितल्यासारखं वाटतं.
सहा हिवाळे हे दोघे एकमेकांकडे वळत आलेत.
एक चुकला की दुसरा धावतो त्याची कड घ्यायला,
तोवर पहिलाही परत फिरलेला असतो,
आणि दोघे एकाच कोपऱ्यात, एकाच पकवर,
गोलसमोर मात्र एवढी मोकळी जागा
की तिथे कोणी खुर्ची टाकून बसावं.
याला कच्चेपणा म्हणतात. प्रशिक्षक म्हणतातच.
मला दुसरा शब्द सुचतो, पण तो गुणतक्त्यात बसत नाही.

सामना हरलो, पाच-दोन.
चौथा गोल धाकट्या यूलितालोचा.
एवढ्या वर्षांत निळी रेषा ओलांडून तो पुढे गेलेला
एस्कोनेही पाहिला नव्हता.
मी हात धुतले. काळं निघत नाही, कधीच निघत नाही.

नंतर भिंतीवर कागद लागला:
हाल्मे यापुढे कोइव्हिस्तोबरोबर, नूगोर्ड तिसऱ्या जोडीत.
टपरीवर तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं,
हे आधीच व्हायला हवं होतं.

आठवड्याने हाल्मेचे स्केट खाली आले.
उजवा पाय. बाहेरची कड.
तशीच.
पोलादाला बातमी उशिरा कळते.
मी दगड सुरू केला.