झाकण मिटू नका

दाल्काहुएची शेवटची फेरी बांधून
हात पुसत घरी आलो, तर यास्ना
जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उलटा पाडून बसलेली.
पांढरा, कोपऱ्यात चिरलेला, शाळेनं टाकलेला.
अकरा वर्षांचा. म्हणजे तिच्याहून दोनच वर्षांनी लहान.
नवी सिस्टीम याच्यावर चालत नाही, म्हणाली.
कंपनीची यादी इथे संपते, आणि हा इथे,
आणि दोन बोटांत तिनं चिमूटभर हवा दाखवली.

चालू केला की लोगो येतो.
येतो आणि बसून राहतो,
ताकास तूर लागू देत नाही.
मग अंधार. मग टण्णकन एक सूर. मग पुन्हा लोगो,
ये रे माझ्या मागल्या.
सात वेळा मोजलं मी, हातातला माते गार होईपर्यंत.

मी चौतीस वर्षं डिझेलचा माणूस.
आमचा नियम सोपा:
आधी तेल पोचतंय का बघ, मग हवा, मग शिव्या.
तिला सांगितलं.
तिनं शिव्यांपासून सुरुवात केली.

मग सुरू होता होताच तिनं दोन कळा दाबून धरल्या
आणि लोगोच्या पाठीमागचं सगळं बोलणं उघड्यावर आलं,
काळ्यावर पांढऱ्या ओळी,
धक्क्यावर मासळीचे भाव ओरडतात तशा
एकीच्या अंगावर एक,
आणि एका ओळीपाशी एकदम गप्प.
मी तिच्यावर बोट ठेवलं. सापडला चोर.

नाही मामा.
ही बिचारी आपलं काम उरकून गेली.
चोर तो, ज्याची ओळ आता यायची होती.

मी बोट उचललं नाही बराच वेळ.
हुवेनाल रेडिओवर शेवटचं बोलला ते एवढंच:
सगळं ठीक, कालव्याच्या तोंडाशी आहे.
आम्ही घरातले किती वर्षं
त्या 'ठीक'चीच उलटतपासणी घेत बसलो.

बाहेर कुत्री भुंकायची थांबली तेव्हा
आम्ही ग्राफिक्सच्या चिपला झोपवून ठेवलं होतं.
चित्र मोठं झालं, भरड झालं, पण आलं.
उजव्या भोकातला पेनड्राइव्ह त्याला दिसेना,
डाव्या भोकातला दिसला. का ते विचारू नका.
मग एक चौकट: ही प्रत खराब आहे, बसवता येणार नाही.
प्रत चांगली होती.
आतला बटणाएवढा सेल मेलेला, त्यामुळे हा गडी
दोन हजार एकच्या पहिल्या जानेवारीत बसून होता
आणि जे अजून जन्मलंच नाही
त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हता.
खरी तारीख दिली. तरी नन्नाचा पाढा,
आता म्हणे सहीची मुदत संपली.

तेव्हा यास्नानं त्याला खोटं सांगितलं.
दोन हजार पंधरा, ऑक्टोबर, मंगळवार.
तो मानला.
त्या मंगळवारी मी कुठे होतो आठवत नाही,
बहुधा इंजिनाखाली.

पंधरा मिनिटं बाकी, असं पडद्यावर लिहिलं होतं
आणि ती पंधरा मिनिटं दीड तास टिकली.
हात लावू नकोस, ती मला म्हणाली.
मी तिला म्हणालो.
कोणीच लावला नाही.

उठला शेवटी. आवाजाशिवाय, कॅमेऱ्याशिवाय,
पंखा असा की भाताच्या गिरणीत बसल्यासारखं वाटावं.
आणि एक खोड राहिलीच:
झाकण मिटलं की झोपतो, आणि झोपला की
जागा होत नाही, मग सगळं पहिल्यापासून.
चिकटपट्टीवर तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं, झाकण मिटू नका,
आणि स्वतः तिथेच टेबलावर डोकं टेकून झोपली.

पहाटे पाण्याला उठलो तर स्वयंपाकघरात निळा उजेड.
दिवे मालवायची माझी सवय जुनी,
हात झाकणापर्यंत गेलाही होता.
मागे घेतला.
चुलीत एक लाकूड सरकवलं
आणि पंख्याचा आवाज ऐकत उभा राहिलो,
इंजिन गरम होईस्तोवर राहतो तसा.