पावलांचे कागद

पत्र्याच्या पेटीत अजून आहेत ते कागद.
पणजोबा रायाप्पाच्या गिऱ्हाइकांतलं सगळ्यात लांबचं घर:
वेन्स्लीसाहेब, मडम, दोन मुलगे, एक मुलगी.
कोल्हापूर सोडून गेले तरी
वर्षाला एक लखोटा यायचा,
आत पेन्सिलीनं आखलेले पाय.

साहेब तिकडे हुजूर पक्षातून निवडून आला.
मास्तरांनी दुकानात येऊन वर्तमानपत्र वाचलं:
‘म्हणतो, ह्या लोकांना राज्य झेपायचं नाही.’
रायाप्पा आरी न थांबवता म्हणाला,
‘उजव्या अंगठ्याला सूज हाय त्याच्या.
पट्टा सैल ठेवाय पायजे.’

पोरांचे पाय दरसाल बोटभर वाढत.
मुलीच्या कागदावर कोपऱ्यात वाकडं बालबोध अक्षर:
‘गोंडा लाल.’
थोरल्याचा कागद सोळा साली यायचा थांबला.
सतरा साली धाकट्याचा आला,
डावा पाय तेवढा.
उजवीकडे कागद कोरा,
घडीची एक रेघ.

मास्तरांनी चिठ्ठी दोनदा वाचली: एकच पाठवा.
एक चप्पल करायची आमच्यात रीत नाही.
रायाप्पानं जोड शिवला,
डावी पार्सलात घातली.
मनीऑर्डर मात्र पुऱ्या जोडाची आली.

उजवी चप्पल लाईनीतल्या दुकानात खिळ्याला आहे.
मी तिला अधूनमधून तेल लावतो.
परवा एकानं विचारलं, हिचा जोड कुठाय?
म्हटलं, विलायतेला.
तो हसला,
म्हणाला, बरं, नऊ नंबरात दुसरी दाखवा.