गुरुवारची भरती

मालीम जेटीवर, सोसायटीच्या माडीवर
सर्व्हर ठेवलाय माशांच्या उलट्या क्रेटवर,
पाणी शिरलंच तर निदान वीतभर उंच.
खाली बर्फ फोडतायत. वर पंखा, लॉग आणि मी.

तक्रार एवढीच, की भरतीचं पान खोटं सांगतं.
नेहमी नाही, कधी कधी.
या धंद्यात ‘कधी कधी’सारखा छळवादी शब्द नाही.
कायमचं मोडलेलं अर्ध्या तासात सापडतं.
रुझार तांडेल म्हणतो, रविवारी पहाटे
मोबाइलवर गुरुवारचं पाणी दिसलं
आणि मांडवीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यावर
ट्रॉलरची कूस घासली.
तो ओरडला नाही. टोपी काढून
माझ्या कीबोर्डशेजारी ठेवली, उलटी.

कोड इनास फुर्तादचा. पर्लमधला,
अकरा वर्षांपूर्वीचा, दाट,
डॉलरच्या खुणांनी जाळ्यासारखा विणलेला.
एका ओळीवर रोमीत लिहून ठेवलंय:
हांगा हात लायनाकात.
मी दोन दिवस तिथेच हात घालून बसले.
तिथे काही नव्हतं.

मग पान पुन्हा पुन्हा उघडलं.
बरोबर, बरोबर, बरोबर,
डिझेलच्या पावतीमागे रेघा ओढत,
सव्विसाव्या रेघेला गुरुवार.
प्रत्येक उत्तरावर प्रोसेसचा नंबर छापायला लावला,
तेव्हा कळलं: सर्व्हरची आठ पोरं,
सात जण राबतात, ठरल्या कामानंतर मरतात,
त्यांच्या जागी नवी येतात.
आठवं शेवटी उभं. त्याच्यापर्यंत काम पोचतच नाही,
म्हणून ते म्हातारं.
गुरुवारी जन्मलं, पहिल्यांदा जी तारीख ऐकली
तीच धरून बसलंय. कुणी काहीही विचारो,
ते प्रामाणिकपणे गुरुवार सांगतं.

आणि लॉगमध्ये, वर, खूप वर,
दर जन्माला एकच ओळ:
‘दीस’ नावाचं व्हेरिएबल सामायिक राहणार नाही.
अकरा वर्षं यंत्र हेच बोलत होतं.
आम्ही ती इशाऱ्याची ओळ म्हणून वगळत होतो,
चुकीची नव्हे ना, म्हणून.

रात्री इनासला फोन लावला. तो स्विंडनला,
गोदामात, खोक्यांच्या पाळीवर.
‘अजून चलता तें?’ त्याने आधी हे विचारलं,
मग माझं नाव.
मी आतलं फंक्शन वाचून दाखवलं. तो गप्प.
मागे फोर्कलिफ्ट मागे येताना वाजत होती.
‘बाहेरचा दीस आतल्याने परस्पर उचललाय गो,’ म्हणाला,
‘हातात द्यायला हवा होता. दर वेळी.’
मग म्हणाला, मी निघालो तेव्हा पाणी
जेटीच्या तिसऱ्या पायरीला होतं.
मालीम आठवलं की अजून तिसऱ्याच पायरीला असतं.
मी म्हटलं, आता दोन पायऱ्या नवीन बांधल्यात.
तो म्हणाला, ‘बरें.’

दुरुस्ती दीड ओळीची.
दीस मोजून हातात दिला, बाजारात सुटे देतात तसा.
सेव्ह केलं, रिस्टार्ट केला,
आणि सगळंच पडलं.
भरती नाही, ओहोटी नाही, पांढरं पान.
खाली कुणीतरी शिट्टी मारली.
पाऊण तासाने दिसलं: कापाकापीत
फाइलची शेवटची ओळ मीच खाल्ली होती.
पर्लचा नियम असा, की मॉड्यूलने जाताना
काहीतरी खरं म्हणून जायचं,
नाहीतर आधीचं सगळं अमान्य.
लोक तिथे आकडा लिहितात. १,
आणि अर्धविराम.
इनासनेही तेच लिहिलं होतं,
पण एक ओळ सोडून, एकटं.

रुझार सकाळी आला.
आठही पोरांना मी रात्रीच नवं केलं होतं.
त्याने पान उघडलं, पुन्हा उघडलं,
बोट ओलं होतं म्हणून शर्टाला पुसून पुन्हा.
‘आतां खरें सांगता मूं तें?’
हो म्हटलं.
त्याने मान हलवली, टोपी घेतली,
आणि खिडकीशी जाऊन
वाकून पायऱ्या मोजल्या.