ब्याऐंशी अंश

गोळीबार चौकात परात्यांनी दोन बोल्ट सोडले,
झाकण उचललं, बोट आत फिरवलं
आणि म्हणाले, ‘इथं तर काहीच नाही जी मॅडम.’

मे महिना. खिशात कांदा ठेवायचे दिवस.
दुकानावर हिरवी जाळी,
जाळीखाली पानासुद्धा फडक्यानं धरायचा.
माझी तक्रार मात्र डिसेंबरची :
उमरेड रोड, सकाळचे सात,
कोळशाच्या ट्रकांमागं मी,
हीटर लावला की गार वारा,
मांडीवर शाल,
आणि काटा तळाशी झोपलेला.
मला वाटायचं, या गाडीचा स्वभावच असा.

‘वाल काढला कोणं?’
दादानं. अकरा उन्हाळ्यांपूर्वी
जामच्या चौरस्त्याआधी रेडिएटर उकळला,
तिथल्याच कुणी तो पकडीनं ओढून
बाभळीत भिरकावला.
झंझट खतम, म्हणाला होता दादा.
‘सगळेच काढतात इकडं,’ पराते म्हणाले,
‘ऊन पाहून भेतात.
पण इंजिन तापलंच नाही
तर तेल काळं होते, पेट्रोल ढोसते,
अन् आतल्या आत झिजून राह्यते.
आवाज बी नाही करत.’

त्याच वर्षी गाडी माझ्याकडे आली.
इतवारीतल्या जागेच्या हक्कसोडपत्रावर
मी सही केली, त्यानं किल्ली दिली.
रजिस्ट्रारच्या खोलीत कूलर चांगला होता.
लोक म्हणाले, बहीण-भाऊ असावेत तर असे,
किती थंड डोक्याचे.
राखीला पैसे येतात,
मी ‘मिळाले’ असं कळवते.

नवा वाल परात्यांच्या तळहातावर
भोवऱ्याएवढा, पितळी, पोटात मेणाची गोळी.
‘नवा आहे म्हणून काय झालं? पाहून घ्याव.
मागं एक डब्यातूनच मेलेला निघाला.’
चहाच्या पातेल्यात पाणी. दोऱ्याला बांधून तो सोडला,
बुडाला टेकू न देता.
शेजारच्या डेअरीतून मागून आणलेलं थर्मामीटर.
साठ. सत्तर. काही नाही.
पंचाहत्तर. स्टोव्हचा आवाज.
मी उगीच श्वास धरलेला.
ब्याऐंशीला
नखाएवढी फट,
मग आणखी, मग सगळाच.
बाहेर काढला तसा मिटत गेला,
कुणी मिट म्हटलं नव्हतं.

जुनं गॅस्केट ब्लेडनं खरवडलं.
‘ही टिकली वरच्या अंगाला, हवा निघते हिच्यातून.’
बोल्ट आळीपाळीनं, आधी हा, मग तो,
‘आवळ बे, जीव नको घेऊ,’ पोट्ट्याला.
कूलंट ओतलं, झाकण उघडंच ठेवलं.
‘आता तुम्ही आत बसा. गाडी चालू. काचा बंद.
हीटर फुल.’
‘मे महिन्यात?’
‘हवा अडकून राह्यते ना जी.
फुगे थांबले का सांगतो.’
काचा कशाला बंद, ते मी विचारलं नाही.
पोट्टा तोंड फिरवून हसला.

मी बसले. सीट तव्यासारखी.
पाच मिनिटं काही नाही,
मग काटा हलला.
अकरा वर्षांत मी तो हलताना पाहिला नव्हता.
चढायला लागला तशी घाबरले, हात किल्लीवर.
परात्यांनी काचेवर टकटक केली :
‘चढू द्या. थांबते तो.’

मधोमध थांबला.

आणि जाळीतून ऊन ऊन वारा आला,
धुळीचा, जुन्या रबराचा,
कडुलिंबाचं एक वाळकं पान सोबत घेऊन
सरळ तोंडावर.
घाम डोळ्यांत उतरला. पुसला नाही.

बाहेर पंचेचाळीस, आत किती कोण जाणे.
बंद काचेआड, इंजिनाच्या आवाजात,
दादाचं नाव घेऊन
मी मोठ्यानं बोलायला लागले,
इतवारीच्या जागेपासून.

पराते बॉनेटमध्ये वाकून
फुगे बघत होते.