हजार फूट

मोजायचं चाक ढकलत मी निघाले आहे
शाळेच्या कुंपणापासून, बर्फ बाजूला सारलेल्या रस्त्याने.
दर फुटाला ते टक् करतं.
सातशे बारावर एक कुत्रा भुंकतो,
सातशे तेरावर गप्प.

हजार फूट, ठीक आहे. पण कुठून कुठवर?
दारापासून दारापर्यंत, की हद्दीपासून हद्दीपर्यंत?
सरळ रेषेत, की रस्ता वळेल तसं?
राज्याच्या कायद्यात एक ओळ आहे,
आमच्या टाउनशिपच्या ठरावात दुसरी,
आणि तो ठराव टाइप करताना
एक स्वल्पविराम माझ्याच हातून गळाला,
ज्यावर सध्या दोन वकिलांचं पोट चाललंय.

नदीपलीकडे दुसरी टाउनशिप.
तिथे गळाला लावायचे किडे विकायचे त्या दुकानात
आता हिरवा दिवा लागतो.
अलीकडे बंदी.
पुलाच्या मधोमध कुणी खडूने रेघ ओढली आहे.
पोरं एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात.
रेघ सात फूट चुकलेली आहे.
मी कुणाला सांगितलं नाही.

खिडकीवर माणसं येतात.
सेल्मा लाहती विचारते,
शेजाऱ्याच्या झाडांचा वास माझ्या अंगणात येतो,
वासाला परवाना लागतो का?
एक जण विचारतो, माझ्याच गाडीत, माझ्याच दारात,
इंजिन बंद, तरी नाही?
तरी नाही.
नवा कायदा म्हणजे नव्या बुटांसारखा,
गावाच्या पायाला कुठे चावतो
ते चालल्याशिवाय कळत नाही.

मंगळवारी आर्वो निस्कानेन आला.
टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, कोर्टात ठेवतात तशी.
शहाऐंशी साली मक्याच्या ओळींत त्याची अकरा झाडं सापडली होती.
अकरा झाडांची चार वर्षं.
तो आत असताना मका कुणी कापला
हे त्याने आजवर विचारलेलं नाही.

म्हणाला, आता घरटी बारा चालतात म्हणे.
मला एकच हवंय.
सांध्यांसाठी, असं म्हणाला,
मग जरा थांबून, नुसतं बघायलासुद्धा.

राहता कुठे?
पाइनव्ह्यू, वृद्धांची घरं, खोली नऊ.

पाइनव्ह्यूचं निम्मं भाडं वॉशिंग्टनहून येतं,
आणि वॉशिंग्टनच्या वहीत
ते झाड अजून होतं तिथेच आहे.
मी ओळ शोधली, बोट ठेवलं,
कागद त्याच्याकडे फिरवला.
खिडकीतसुद्धा नाही?
खिडकीतसुद्धा नाही.

त्याने चष्मा काढलाच नाही खिशातून.
म्हणाला, तेव्हाचा नियम
निदान लक्षात राहायचा.
टोपी घातली आणि जाताना दार
हळूच लावून घेतलं,
जसं दुसऱ्याच्या घराचं लावतात.

जुनी नोंद पुसायचा वेगळा अर्ज आहे.
त्याला खटल्याचा नंबर लागतो.
नंबर कोर्टाच्या तळघरात,
आणि तळघरात ब्याण्णव साली पाणी शिरलं होतं.
हे मी त्याला सांगणार होते.
दार लागलं होतं.

आज काम संपल्यावर चाक घरी आणलं.
सरकारी वस्तू, नोंद न करता.
स्वयंपाकघराच्या पायरीपासून मागच्या कुंपणापर्यंत
एकेचाळीस फूट.
रस्त्यावरून लायलॅकच्या झुडपामागचं काही दिसत नाही,
मी रस्त्यावर उभी राहून पाहिलं, वाकूनही पाहिलं.
कायद्याला कुलूप हवं.
माझ्या घरात कुलूप नाही, कधी लागलंच नाही.
हार्डवेअरच्या दुकानात बारा डॉलरला मिळतं.

रात्री पुन्हा ती वही उघडली.
दुसऱ्याचं रोप आपल्या दारी लावता येत नाही.
रोप माझंच असावं लागेल.
पण पान उलटलं की खाली एक पोटकलम आहे:
अडीच औंसांपर्यंत, प्रौढ व्यक्तीस देता येईल,
विनामोबदला,
जाहिरात न करता.

स्वल्पविराम जागच्या जागी आहेत. दोनदा तपासले.

मी अजून कुणाला काही बोललेले नाही.